तीन इंचांची उंची



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून काहींनी नाक मुरडले असेल, याची आम्हांला कल्पना आहे. काल याच व्यासपीठावर संतवाङ्मयाचा विचार झाला, उद्या अर्थकारणाचा व्हायचा आहे. आणि मध्येच एका निवृत्त अभियंत्याने उठून मोटारीच्या स्प्रिंगांचे पुराण लावावे हे जरा विजोडच दिसते. आमच्या चिटणीसांनीही हळूच विचारले, "विषय थोडा लहान नाही का वाटत?" आम्ही म्हटले, "लहानच आहे. फक्त तीन इंचांचा आहे." परंतु या तीन इंचांचा आमच्या आयुष्याशी संबंध आला आहे, आणि तो पुरेसा अभिमानास्पद नाही. म्हणून बोलायला उभे आहोत.

आपल्या गावाच्या कोणत्याही चौकात संध्याकाळी घटकाभर उभे राहा. एखादी जीपगाडी अशी दिसेल की तिची पायरी चढायला मांडी पोटाशी घ्यावी लागावी. चाके ट्रॅक्टरची शोभावीत, आणि चाक व मडगार्ड यांच्यामध्ये एवढी मोकळी जागा की मांजर आरामात झोपेल. ही गाडी कारखान्यातून अशी आलेली नसते. गॅरेजमध्ये नेऊन, तिच्या स्प्रिंगांखाली किंवा स्प्रिंगांवर चकत्या घालून, पाट्यांखाली ठोकळे देऊन, कधी उंच स्प्रिंगाच बसवून ती दोन-तीन-चार इंच वर उचललेली असते. या प्रकाराला आता सगळीकडे 'लिफ्ट' म्हणतात.

लोक हे का करतात? केवळ मिरवण्यासाठी, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आणि मिरवणे त्यात असतेच. पण तेवढेच नसते. पावसाळ्यात शेताच्या वाटेला गाडी पोटावर टेकते, ओढ्यात पाणी चढते, गतिरोधक तर आपल्याकडे असे बांधतात की त्यांवर देऊळच उभारायचे आहे. गाडी उंच असावी ही इच्छा वेडेपणाची नाही. आम्हांलाही ती एकदा झाली होती.

१९८५ सालची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यात एका कालव्याच्या कामावर आम्ही कनिष्ठ अभियंता होतो. वय पंचविशीचे, पदवी ताजी. दिमतीला एक जुनी जीप होती. ती जमीन काळी. दोन सरी पडल्या की चाकांना चिखलाचे जोडे चढत आणि गाडी चाकोरीत बसून राही. आमचे मिस्त्री हुशार होते. ते म्हणाले, "साहेब, पाट्यात एकेक पान वाढवू, शॅकल लांब करून घालू, तीन इंच गाडी वर येईल." आम्ही होकार दिला. दोन दिवसांत काम झाले. गाडी ऐटदार दिसू लागली, आणि आम्ही तिच्यातून उतरताना किंचित उडी मारू लागलो.

चौथ्या दिवशी ती पुन्हा रुतली.

कशी रुतली ते सांगतो, कारण सगळ्या प्रकरणाची मेख तिथे आहे. या जातीच्या गाडीला पुढेमागे अखंड आस असते आणि आसाच्या मध्ये डिफरन्शियलचा लोखंडी गोळा असतो. गाडीच्या पोटातला सर्वांत खाली लोंबणारा भाग तोच. आता पाटे उंच केले म्हणजे वर काय जाते? पाट्यांवर बसलेले सर्व काही: सांगाडा, इंजिन, टप, माणसे. आस मात्र चाकांना जोडलेली. चाक तेवढेच, तर आस तिथेच आणि गोळाही तिथेच. तीन इंच खर्ची पडले, आणि दगडाला व चिखलाला अडकणारी वस्तू होती तिथून केसभरही हलली नाही! गोळा वर न्यायचा तर चाक मोठे हवे. आणि चाकाचा व्यास दोन इंच वाढवला तर गोळा एकच इंच वर जातो. हे गणित आम्ही परीक्षेत सोडवले असते. गाडीखाली वाकून पाहण्याचे मात्र सुचले नाही.

असो. चढ-उताराच्या जागी पोट टेकत नाही, पुढचा-मागचा भाग घासत नाही, एवढा लाभ उंचीने खरोखर होतो. तो नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की त्याची किंमत कोण मोजतो आणि कुठे.

अध्यक्षांच्या परवानगीने आम्ही टेबलावर एक आगपेटी ठेवतो. ही अशी आडवी ठेवली आणि बोटाने बाजूने ढकलली, तर सरकते. आता तीच उभी करतो. तेच वजन, तेच टेबल, तेच बोट. पाहा, पडली. कडब्याची गाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला हे आगपेटीवाचून ठाऊक असते. चार पेंढ्या जास्त रचल्या की वळणावर तो स्वतः खाली उतरून बैलांच्या बाजूने चालतो. त्याला 'गुरुत्वमध्य' हा शब्द माहीत नसेल. पण तो कुठे आहे हे पक्के माहीत असते.

या ज्ञानाला एक साधा आकडा आहे. डाव्या व उजव्या चाकांमधले अंतर घ्या, त्याला जमिनीपासून गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. जो भागाकार येईल तो गाडीच्या स्थैर्याचा अंक. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा खात्याने २००१ सालच्या गाड्यांपासून याच अंकाच्या आधारे उलटण्याच्या धोक्याची प्रतवारी सुरू केली. साध्या मोटारींचा हा अंक बहुधा १.३ ते १.५ असतो, उंच गाड्यांचा, म्हणजे जीप, पिकअप, व्हॅन यांचा, बहुधा १.० ते १.३. म्हणजे ज्या गाडीपाशी मुळातच शिल्लक कमी, तिलाच आपण उचलायला जातो. धनिकाने उधळपट्टी केली तर समजू शकते. इथे गरिबाच्या गाठोड्यातून काढायचे आहे.

आमच्या जीपचा हिशेब मांडू. चाकांमधले अंतर सुमारे ४९ इंच. गुरुत्वमध्य २४ इंचांवर धरू. भागाकार येतो १.०२. आता गाडी तीन इंच वर गेली. आस आणि चाके वर जात नाहीत, म्हणून गुरुत्वमध्य अडीचच इंच चढला असे मानू, २६.५ इंच. भागाकार ०.९२. फरक दहा टक्क्यांचा. दहा टक्के हे ऐकायला फारसे वाटत नाही. परंतु कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड साधारण ०.७ ते ०.८ असते. गाडीचा अंक या पकडीपेक्षा बराच वर असेल तोवर अचानक वळवलेली गाडी घसरते, पण उलटत नाही. घसरणे वाईटच, तरी घसरलेली गाडी चार चाकांवर असते. पकड आणि अंक एकमेकांच्या जवळ आले की घसरण्याआधी उलटणे सुरू होते. आणि कागदावरचा हा अंक स्थिर गाडीचा आहे. वळणावर टप बाहेरच्या बाजूला कलतो, वजन तिकडे सरकते, टायर दबतो. उंच गाडी जास्त कलते, म्हणून कागदावरच्या शिल्लकीतून आणखी काही वजा होते.

यावर कुणी म्हणेल, सपाट डांबरावर नुसत्या वळण्याने गाड्या उलटल्याचे आम्ही फारसे पाहिले नाही. बरोबर आहे. बहुतेक गाड्या अडखळून उलटतात. चाक बाजूला घसरत असताना कठड्याला, खड्ड्याला किंवा मऊ मातीला अडते. चाक थांबते, वरचा भाग थांबत नाही. धावणाऱ्या माणसाच्या पायात पाय घालावा तसे ते आहे. आणि आपल्याकडे पायात पाय घालायला साइडपट्टी सदैव तयार! डांबर संपते तिथे चार बोटे खोल पायरी, तिच्यापुढे पावसाने खचलेला मुरूम. तात्पर्य, अमेरिकेत जी गाडी कशीबशी निभावेल ती आपल्या साइडपट्टीवर निभावेलच असे नाही.

आता आम्ही ज्याकडे वळणार आहोत तो भाग डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच गॅरेजात त्याचे बिल होत नाही. गाडीच्या खालचे सर्व सांधे एका विशिष्ट उंचीसाठी बेतलेले असतात. उंची बदलली की प्रत्येक सांध्याचा कोन बदलतो. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला जो सांधा असतो, ज्याला मिस्त्री 'क्रॉस' म्हणतात, तो जास्त कोनात फिरू लागला की शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस लवकर झिजतो. पुढच्या चाकांना स्वतंत्र स्प्रिंग असलेल्या नव्या गाड्यांत बॉल जॉइंट आपल्या मर्यादेच्या टोकाला जाऊन बसतो. चाक खड्ड्यात सुटले की त्याला पुढे जायला जागा उरत नाही. ब्रेकच्या रबरी नळ्या मूळ उंचीच्या मापाने कापलेल्या असतात. गाडी उभी असताना त्या पुरतात, पण चाक पूर्ण खाली लोंबले की ताणतात. एखाद्या दिवशी नळी ताणून फाटली, तर तो दिवस पेडल दाबण्याचाच असणार. चाके मोठी बसवली असतील तर आणखी एक भानगड: २८ इंची टायरच्या जागी ३१ इंची घातला की मीटरवर ६० दिसताना गाडी ६६ने धावते, आणि त्याच दाबाने पेडल दाबले तरी रस्त्यावर लागणारा ब्रेकचा जोर सुमारे दहा टक्के कमी होतो. वेग जास्त, ब्रेक कमी, आणि मीटर निरागस! नव्या गाड्यांत घसरण सावरणारी विद्युत यंत्रणा असते, मग भीती कशाची, असे तरुण विचारतात. १९९५ सालापासून मोटारींत येऊ लागलेली ही यंत्रणा खरोखर जीव वाचवणारी आहे. पण ती मूळ उंची, मूळ चाक आणि मूळ स्प्रिंग यांच्या हिशेबाने शिकवलेली असते. आपण गाडी बदलली हे तिला कुणी सांगत नाही.

शिवाय स्टिअरिंग. सायकलचा पुढचा चिमटा जसा किंचित पुढे झुकलेला असतो आणि म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाऊ पाहते, तसा मोटारीच्या पुढच्या चाकांनाही एक झुकाव दिलेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येते ते त्याच्यामुळे. आमच्या जीपच्या शॅकल लांब केल्या तेव्हा पुढची आस किंचित फिरली आणि हा झुकाव कमी झाला. हे आम्हांला पुढे पुष्कळ दिवसांनी कळले. आमच्या ड्रायव्हरांना पहिल्याच दिवशी कळले होते. ते आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी वडील, शाळा चौथीपर्यंत. ते म्हणाले, "साहेब, गाडी आता सरळ ऱ्हाईना. सारखी हातात धरून ठेवावी लागतीया." आम्ही म्हणालो, "नवीन पाटे आहेत, बसतील हळूहळू."

पाटे बसले नाहीत. त्याच वर्षी, पावसाळ्याच्या अखेरीस, आम्ही तालुक्याच्या गावाहून कामावर परतत होतो. रस्ता डांबरी, सरळ. वेग पंचेचाळीसच्या आसपास. धनगराची मेंढरे एकाएकी रस्त्यावर आली. ड्रायव्हरांनी गाडी डावीकडे घेतली, डावे चाक साइडपट्टीत उतरले, त्यांनी उजवीकडे ओढली. आणि गाडी, आम्हांला आजही आश्चर्य वाटते इतक्या सावकाश, आडवी झाली. धडधडाट नाही की काही नाही. कपाट कलंडावे तशी. आम्हांला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. ड्रायव्हरांच्या खांद्याचे हाड मोडले. मेंढरे निघून गेली.

मग अहवाल झाला. त्यात एक वाक्य होते: 'चालकाचा वाहनावरील ताबा सुटला.' त्याखाली सही आमची आहे. पाट्यातले जास्तीचे पान, लांब शॅकल, तीन इंच, यांतले एक अक्षर त्यात नाही. आम्ही खोटे लिहिले नाही. ताबा सुटला हे खरेच होते. तो चार महिन्यांपूर्वी गॅरेजात सुटला होता, एवढे लिहायचे राहिले. ड्रायव्हरांची एक वेतनवाढ रोखली गेली. हाड जुळले, पण तो हात पुढे खांद्याच्या वर गेला नाही. ते आम्हांला कधी काही बोलले नाहीत. त्यांना कारण ठाऊक होते, आणि ते आम्हांलाही ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होते.

म्हणून वर्तमानपत्रात 'ताबा सुटल्याने' हे शब्द आले की आम्ही थांबतो. ताबा म्हणजे केवळ चालकाच्या मनगटातली वस्तू नव्हे. तो चाकांमधल्या अंतरात, नळीच्या लांबीत, आसाच्या झुकावात वाटून ठेवलेला असतो. आणि तिथून तो काढून घेतला तर मनगट काय करणार?

कायदा या बाबतीत मोघम नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले, की नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराबद्दल मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. विम्याच्या दाव्यातही न कळवलेल्या फेरफारावरून वाद उभा राहतो. पण दंडाच्या भीतीने कुणी चकत्या काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही, म्हणून यावर अधिक बोलत नाही.

२०२४च्या दिवाळीत आमचा भाचा त्याची नवी गाडी घेऊन आला. "मामा, बाहेर या, बघा तरी!" गाडी पुढून दोन इंच उचललेली. मागची बाजू आधीच उंच असते, म्हणून पुढून उचलून 'लेव्हल' केली, असे त्याचे म्हणणे. आम्ही गाडीभोवती फिरलो. मुलगा आनंदात होता, बहीण कौतुकाने पाहत होती, आरतीचे तबक तयार होते. १९८५ साली आम्ही ड्रायव्हरांचे ऐकले नाही. आता बोलायची पाळी आमची, आणि सणाचा दिवस! आम्ही त्या दिवशी गप्प राहिलो. आमच्या हातून हे दुसऱ्यांदा झाले.

आठवड्याने त्याला घरी बोलावले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. उलटण्याविषयी बोललोच नाही. विशीतल्या मुलाला स्वतःच्या मरणाची भीती घालणे हा निष्फळ उद्योग आहे. त्याचा त्यावर विश्वास नसतो. आम्ही दिव्यांपासून सुरुवात केली. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये अडीच मीटर अंतर. पुढची बाजू पाच सेंटिमीटर वर, म्हणजे शंभरास दोन असा चढ. खालच्या प्रकाशझोताला शंभरास एक असा उतार दिलेला असतो. म्हणजे उतार संपून झोत शंभरास एक वर निघाला. पन्नास मीटरवर तो दिव्याच्या पातळीहून अर्धा मीटर वर असणार. समोरून येणाऱ्याच्या नेमका डोळ्यांत. "म्हणजे लोक मला अप्पर-डिप्पर देतात ते यामुळे?" त्याने विचारले. दिव्याचा स्क्रू फिरवून हे दुरुस्त करता येते, तेही सांगितले. त्याला गॅरेजवाल्याने सांगितले नव्हते.

मग बॉनेटच्या पुढची आंधळी जागा. चालकाचे डोळे १ मीटर ७० सेंटिमीटर उंचीवर, बॉनेटची पुढची कड १ मीटर १० वर, दोहोंत दीड मीटर अंतर, असे धरून रेघ काढली. ९० सेंटिमीटर उंचीचे मूल बॉनेटपासून अर्ध्या मीटरच्या आत असेल तर त्याचा डोक्याचा शेंडाही दिसत नाही. त्यावर मोठी चाके व चकत्या मिळून सगळे दहा सेंटिमीटर वर नेले, की ही आंधळी जागा पाऊण मीटर होते. भाच्याची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. तिची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने टिपलेली असते, तशी त्यांच्याही घरी आहे. आम्ही आकडा विचारला नाही. त्यानेच मनात काढला असावा, कारण तो बराच वेळ रेघेकडे पाहत राहिला.

शेवटी बंपर. मोटारीच्या दाराखाली जी भक्कम पट्टी असते ती बाजूची धडक सोसायला असते. धडकणारी गाडी उंच असली की ती या पट्टीच्या वरून, दाराच्या पातळ पत्र्यावर, म्हणजे आतल्या माणसाच्या फासळ्यांवर येते. स्कूटरवाल्याला तर दारही नसते. उंच गाडीत बसणाऱ्याला आपण सुरक्षित आहोत असे वाटते ते याच कारणाने: अपघाताचा वाटा खालच्याच्या पदरात पडतो. अमेरिकेत पुढून उचललेल्या गाड्यांचे खूळ इतके वाढले, की नॉर्थ कॅरोलिना राज्याने डिसेंबर २०२१ पासून पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच असण्यावरच बंदी घातली.

भाच्याने विचारले, "मग ज्यांना खरंच डोंगरात, नदीनाल्यांत जायचं असतं त्यांनी काय करायचं, मामा?" प्रश्न रास्त आहे. जे लोक हा छंद जाणतेपणाने करतात ते नुसत्या चकत्या घालत नाहीत. लांब नळ्या, नवे दांडे, कॅस्टरची दुरुस्ती, चाकांचे अलाइनमेंट, हे सारे ते करतात. अशी गाडी दगडधोंड्यांत माणसाच्या चालीने चालवतात, आणि ती घाटात ऐंशीने पिटाळायची नसते हे ओळखून असतात. आमचे तर मत असे, की शंभरातल्या नव्वदांना उंचीची गरजच नसते. चांगल्या नक्षीचे टायर, चिखलात थोडी हवा कमी करणे आणि डांबरावर येताच ती पुन्हा भरणे, आणि चाक कुठे टाकायचे याची नजर, एवढ्यावर ते पार होतात. आमची जीपही त्या वर्षी शेवटी चाकांखाली उसाचे पाचट घालूनच निघाली होती.

भाच्याने वाद घातला नाही, कबुलीही दिली नाही. जानेवारीत एके दिवशी तो आला, कागदात गुंडाळलेले काहीतरी आमच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "घ्या मामा, पेपरवेट." ॲल्युमिनियमच्या दोन जाड चकत्या होत्या. त्या आज आम्ही बरोबर आणल्या आहेत. या इथे, आगपेटीशेजारी. व्याख्यानानंतर ज्यांना हातात घेऊन पाहायच्या असतील त्यांनी अवश्य पुढे यावे.